एकाच किल्लीचे कुलूप

मित्रांनो, एका मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मला लोखंड कापायच्या कात्रीने कापण्यात आले.

हे मी सांगितलेच नाही असे समजा. इमारतीच्या अहवालात असे काही घडल्याची नोंद नाही आणि त्या अहवालावर गोल शिक्का आहे. माझ्यावर कुठलाच शिक्का नाही. तेव्हा मी धडधाकट आहे असे धरून चालू आणि पहिल्यापासून सुरुवात करू.

मी एक जुने लाल कुलूप आहे. माझा जन्म ज्या कारखान्यात झाला तिथे दिवसाला चार हजार कुलपे जन्मतात, त्यामुळे कोणाचेही लाड होत नाहीत. पोटात सहा पिना, सहा स्प्रिंगा, वर पोलादी कडी, आणि चला पुढे. शेजारच्या खोक्यातली पितळी भावंडे तिजोरीची आणि दागिन्यांच्या कपाटाची स्वप्ने बघायची. मीही बघायचे. कुलपाची पत त्याच्यामागे काय ठेवले आहे त्यावरून ठरते, हे आम्हाला जन्मतःच कळते.

मग मी एका दुकानात आले आणि तिथे ताई आल्या. ठेंगण्या, घाईतल्या, मनगटाला ग्रीस लागलेल्या.

"दोन किल्ल्या आहेत बरं का," दुकानदार कौतुकाने म्हणाला. "एक हरवली तर दुसरी."

"हातोडा आहे?"

दुकानदाराने खूश होऊन हातोडा पुढे केला. ताईंनी त्याच्याच उंबऱ्यावर दुसरी किल्ली ठेवली आणि तीन घाव घातले. किल्लीचा छोटा चमचा झाला.

"हातोडा नको," त्या म्हणाल्या. "कुलूप तेवढं द्या."

"अहो ताई, पण आहे ती हरवली म्हणजे?"

"म्हणजे मी हरवले असं समजायचं."

दुकानदार हसला. मी हसले नाही. माझे सगळे आयुष्य ज्या बाईच्या हाती जाणार होते, तिने पाच मिनिटांत माझ्या अर्ध्या किल्ल्या ठेचल्या होत्या.

ताई लिफ्ट दुरुस्त करायच्या. लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून वर-खाली करते, त्याच्या तळाशी छातीइतका खोल खड्डा असतो. काही कामे त्या खड्ड्यात उतरूनच करावी लागतात. लिफ्ट तळमजल्यावर आली की ती त्या खड्ड्यावर झाकणासारखी बसते आणि खाली माणसाला जागा उरते ती पालथे पडून श्वास धरण्यापुरती. म्हणून उतरण्याआधी ताई लिफ्टच्या विजेच्या मुख्य स्विचचा दांडा खाली ओढायच्या, दांड्याच्या भोकात मला अडकवायच्या आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकून खिशाचे बटण लावायच्या. मी जागेवर आहे तोवर वीज नाही. वीज नाही तोवर लिफ्ट हलत नाही. एवढे साधे. लहान मुलालाही कळेल. मोठ्या माणसांचे काय ते पुढे येईलच.

पहिल्या दिवशी मी फार हिरमुसले. तिजोरी नाही, कपाट नाही, जिन्याखालची एक जळमटलेली पेटी, आणि माझ्यामागे काय, तर एक दांडा! मग खालून ताईंच्या शिट्टीचा आवाज आला. त्या काम करताना बेसूर शिट्टी वाजवतात. तेव्हा मला कळले की माझ्यामागे दांडा नाही, ताई आहेत. त्या दिवसापासून मी कुठल्याही तिजोरीच्या कुलपाकडे मान वर करून पाहिलेले नाही.

ताईंच्या जोडीला मास्तर असायचे. एकतीस वर्षे लिफ्टमध्ये गेलेली, तरी कुठेही न पोचलेली. डाव्या हाताची दोन बोटे बाकीच्यांपेक्षा जरा लवकर संपायची. ती कुठे गेली असे कोणी विचारले की मास्तर म्हणायचे, "पुढे गेलीत. आम्ही मागून येतोय." मास्तर स्वतः कुलूप वापरत नसत. खड्ड्यात उतरण्याआधी ते जिन्यात तोंड वर करून ओरडायचे, "स्विचला कोणी हात लावू नका रे!" आणि मग गळ्यावर टिचकी मारून सांगायचे, "माझं कुलूप इथं."

"आणि सर्दी झाली की?" ताई विचारायच्या.

"मग रजा."

अशी आठ वर्षे गेली. माझा रंग उडाला, कडीवर ओरखडे आले. कौतुक म्हणाल तर एकदाच झाले. एका छोट्या मुलीने मला पाहून आपल्या बाबांना विचारले, "हे लाल का आहे?" बाबा म्हणाले, "घाण आहे, हात लावू नकोस." तिने लावला नाही. मला तेवढे पुरे होते.

आता त्या इमारतीकडे येऊ. सहा मजली, पाचव्या मजल्यावर दातांचा दवाखाना, आणि व्यवस्थापक म्हणून एक गृहस्थ, ज्यांना पाठीमागे सगळे झुंबर म्हणायचे. त्यांच्या कमरेला चौसष्ट किल्ल्यांचा जुडगा होता. ते येण्याआधी त्यांचा आवाज यायचा आणि ते गेल्यावरही जरा वेळ राहायचा. माणूस वाईट नव्हता. मजल्यामजल्यावरची कुंडी कोणती सुकली आहे ते त्याला न बघता सांगता यायचे. फक्त इमारतीत आपल्याला न उघडणारी एखादी वस्तू आहे, या विचाराने त्याला झोप लागत नसे.

"डुप्लिकेट किल्ली माझ्याकडे जमा करा," ते ताईंना म्हणाले.

"नाहीये."

"नाहीये कशी? सुरक्षिततेसाठी प्रत्येक कुलपाची एक किल्ली माझ्याकडे असते."

"कोणाच्या सुरक्षिततेसाठी?"

झुंबर विचारात पडले. "इमारतीच्या," असे शेवटी म्हणाले, आणि त्यांचे स्वतःचेच समाधान झालेले दिसले.

त्या सुमारास लंबूचे पत्र आले. लंबू पूर्वी ताईंच्याच हाताखाली होता. खड्ड्यांच्या मानाने फारच उंच. दोन वर्षांपूर्वी तो परदेशी एका शहरात गेला, जिथे म्हणे दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात. तो का गेला यावर कंपनीत पुष्कळ चर्चा झाली होती. कोणी म्हणे पगार, कोणी म्हणे हवा, कोणी म्हणे तिथे खड्डे खोल असतात. ताईंनी गाडीच्या पायरीवर बसून मास्तरांना पत्र वाचून दाखवले. मी पट्ट्याला लटकून ऐकत होते.

लंबूने लिहिले होते: 'मागच्या शनिवारी मी एका अकरा मजली इमारतीत स्विचवर माझं कुलूप विसरलो आणि सुट्टीला समुद्रावर निघून गेलो. तीन तास लांब. तिथे फोन आला. तुम्ही खड्ड्यात आहात का? म्हटलं नाही, मी समुद्रात आहे. म्हणाले, मग या. मी पोचेपर्यंत इमारत बंद. तिसऱ्या मजल्यावर एक पियानो आणि त्याचे चार उचलणारे अडकलेले. महापौरबाई नवव्या मजल्यावर राहतात, त्या चालत निघाल्या आणि सहाव्यावर बसून राहिल्या. मी गेल्यावर सगळ्यांनी रांगेत उभं राहून मला बोलून घेतलं. पण ताई, कुलपाला कोणी बोट लावलं नव्हतं. मी म्हटलं, अहो, कापायचं ना सरळ! तर आमचा साहेब माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याच्या आजीला कापायला सांगितलं.'

ताईंनी ते तीनदा वाचले.

"पियानोचं काय झालं?" मास्तरांनी विचारले.

"ते नाही लिहिलं."

"हेच. महत्त्वाचं तेवढं लोक लिहीत नाहीत."

त्याच आठवड्यात ताईंनी त्या शहराकडे नोकरीसाठी अर्ज पाठवला. घरी कळले तेव्हा जेवणाच्या टेबलावर सगळे आपापले कारण घेऊन बसले.

"तिथे धूळ नसते," दादा म्हणाला. ताईंच्या थोरल्या भावाला सगळे माहीत असते.

"शेजारी बोलत नाहीत म्हणे," मावशी म्हणाली. "म्हणून बरं वाटतं लोकांना तिथे. मलासुद्धा वाटेल."

"तू का जातेस गं?" आईने विचारले.

ताईंचा घास हातात राहिला. आईला वाटायचे, आपली मुलगी लिफ्टच्या कंपनीत 'कागदाचं' बघते. मनगटावरचे ग्रीस शाईचे डाग म्हणून खपून गेले होते. खड्डा हा शब्द त्या घरात आठ वर्षांत कोणी उच्चारला नव्हता. मग मी तर कुठले!

"पगार," ताई म्हणाल्या.

"हां," आई म्हणाली, आणि तिचा चेहरा जरा पडला. याहून बरे काहीतरी असेल असे तिला वाटले असावे.

त्या शहराचे उत्तर महिनाभराने आले. निवड जवळजवळ पक्की. दोन गोष्टी राहिल्या होत्या. कंपनीच्या शिक्क्याचा अनुभवाचा दाखला तीस तारखेच्या आत पोचायला हवा, आणि अर्जातला एक रकाना ताईंनी कोरा सोडला होता, तो भरायला हवा. 'आमच्या शहरात काम का करायचे आहे?' ताई दिवसभर त्या कोऱ्या रकान्याचा विचार करत राहिल्या. इतक्या, की संध्याकाळी झुंबरांच्या इमारतीत मला स्विचवरच विसरून गेल्या.

चाळीस मिनिटांत धावत परत आल्या. तेवढ्यात झुंबरांनी सहा मजले तीनदा चढून प्रत्येक दारात माफी मागितली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी लोखंड कापायची एक लांब दांड्यांची कात्री विकत आणली आणि आपल्या खोलीच्या दाराआड टांगली. दार उघडे राहिले की पेटीवरून मला ती दिसायची. मीही तिला दिसत असणार. पुढचे तीन आठवडे, ताई तिथे कामाला आल्या की, आम्ही दोघे एकमेकांकडे बघत होतो.

मग तो मंगळवार आला.

खड्ड्याच्या भिंतीवर एक लाल बटण असते. ते दाबून ठेवले की वर वीज असली तरी लिफ्ट हलत नाही. त्या इमारतीतले बटण सारखे रुसायचे, म्हणून सहा महिन्यांपूर्वी कोणा हुशार माणसाने त्याच्या मागून एक तार जोडून त्याला कायमचे गप्प केले होते. ते बदलायलाच ताई उतरल्या होत्या. म्हणजे त्या दिवशी ताई आणि लिफ्ट यांच्यामध्ये एकटे मी.

ताईंनी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवली. दांडा ओढला, मला अडकवले, किल्ली खिशात, खिशाला बटण. एक सुजट गालाचे गृहस्थ लिफ्टसाठी आले, त्यांना ताई खड्ड्यात उतरता उतरता म्हणाल्या, "जिन्याने जा हो. दात काही पळून जात नाही." मग कोणी आत पडू नये म्हणून त्यांनी आतून दार ओढून घेतले. बाहेर 'काम चालू' अशी उभी पाटी होती. मास्तर डबा खायला आणि येताना नवे बटण आणायला गाडीकडे गेले. गाडी दोन गल्ल्या सोडून होती, कारण इमारतीपुढे गाडी लावलेली झुंबरांना खपत नसे.

साडेबाराला झुंबर आले. त्यांनी पाटी बघितली, पाटीच्या पायांनी फरशीवर पडलेले ओरखडे बघितले, आणि पाटी उचलून जिन्याखाली माझ्यासमोर आणून ठेवली. आता 'काम चालू' हे फक्त मला वाचता येत होते.

एक वाजला. खालून बॅटरीवरच्या ड्रिलचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. बंद दारामागून तो शेजारच्या घरातून यावा तसा वाटत होता.

एक वाजून पाच. झुंबर घाम पुसत परत आले. इमारतीचे मालक सव्वाला येणार होते आणि मालकांच्या गुडघ्यांना जिना मान्य नव्हता. त्यांनी ताईंना फोन लावला. फोन माझ्या शेजारी, ताईंच्या बॅगेत वाजला. झुंबरांनी बॅगेकडे पाहिले. मला हायसे वाटले. बॅग इथे म्हणजे बाई इथे, एवढे तर कोणालाही कळते.

"वा!" झुंबर म्हणाले. "आज बॅगसुद्धा विसरून गेल्या."

ते कात्री घेऊन आले.

तेवढ्यात जिन्यावरून मघाचे दातवाले गृहस्थ खाली आले. दात निघाला होता, अर्धे तोंड बधिर, गालात कापसाचा बोळा, आणि तासभर तोंड उघडायचे नाही अशी डॉक्टरांची ताकीद. त्यांनी कात्री पाहिली. मला पाहिले. लिफ्टचे बंद दार पाहिले. आणि दोन्ही हातांनी खाली, जमिनीकडे बोटे दाखवायला लागले.

झुंबरांनी खाली पाहिले. "छान आहेत," ते म्हणाले. "नवीन घेतले?"

गृहस्थांनी बुटासकट पाय आपटला.

"चावतात का? एक नंबर मोठा घ्यायचा असतो."

गृहस्थांनी कात्रीचा दांडा धरला. झुंबरांनी तो हळूच सोडवून घेतला. "राहू द्या, राहू द्या. तुमची तब्येत बरी नाही. मला जमेल."

गृहस्थ रस्त्याकडे धावत सुटले. धावले की दुखत असणार, कारण त्यांनी गाल धरला होता.

झुंबर जिन्यात तोंड घालून एकदा ओरडले, "कोणी आहे का?" वरच्या दिशेने. खाली ड्रिल चालू होता. वरून कोणीच उत्तर दिले नाही, कारण ज्यांनी ते द्यायचे त्या वर नव्हत्याच.

मित्रांनो, कुलपाला ओरडता येत नाही. पळता येत नाही. त्याला एकच गोष्ट येते, उशीर करणे. कात्रीचे दात माझ्या कडीला लागले. पहिल्या दाबात ओरखडा. दुसऱ्या दाबात खाच. मी पोटातल्या सहाही पिना आवळून धरल्या. त्यांचा आणि कडीचा काही संबंध नसतो, पण संकटात सगळेच काहीतरी आवळतात. तिसऱ्या दाबाला झुंबरांचा हात घसरला, त्यांनी तळवे पँटला पुसले. तेवढी चार श्वासांची वेळ मी मिळवली. चौथ्या दाबाला माझा आवाज झाला. लहानसा. फांदी मोडावी तसा.

मी फरशीवर पडले.

दांडा वर गेला. पेटीत खट्ट झाले. लिफ्टच्या दारावर तीनचा आकडा लागला, आणि झुंबरांनी समाधानाने बटण दाबले. लिफ्ट खाली बोलावण्याचे.

तीन.

खालचा ड्रिल थांबला.

दोन. बोगद्यातले दोर घरघरले. ड्रिल थांबल्यावर ती शांतता एवढी मोठी होती की झुंबरांनाही ऐकू आली. त्यांनी दाराकडे पाहिले. मग फरशीवर माझ्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा बदलताना मी खालून पाहिला आहे आणि तो मला पुन्हा बघायचा नाही.

एक. बाहेरच्या पायऱ्यांवर पावले वाजली. ते गृहस्थ मास्तरांना सदऱ्याच्या बाहीला धरून ओढत आणत होते. मास्तरांनी आकडा पाहिला. हातातले नवे बटण टाकले. दाराच्या वरच्या भोकात घालायची तिकोनी किल्ली त्यांच्या खिशात असते. ती त्यांनी पहिल्या फटक्यात बसवली, तीन बोटांनी फिरवली आणि अंगाचा भार टाकून दार उघडले. दार उघडले की लिफ्ट जागच्या जागी थांबते. अशी पद्धत आहे.

थांबली. तिचा तळ मास्तरांच्या कमरेएवढा उंच राहिला होता. खाली अंधार.

एकतीस वर्षे ज्यांचे कुलूप गळ्यात होते, त्या मास्तरांच्या गळ्यातून आवाज निघेना. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा अगदी हळू म्हणाले, "पोरी?"

काही नाही.

मग खालून, "आहे."

आणि जरा वेळाने, "कुलूप कुठंय?"

ताई बाहेर आल्या तेव्हा एक गाल पूर्ण काळा होता, खड्ड्यातल्या तेलात पालथ्या पडल्यामुळे. त्यांनी पहिल्यांदा मला उचलले. दोन्ही तुकडे.

"अहो, सांगायचं ना खाली आहात म्हणून!" झुंबर म्हणाले.

"सांगितलं होतं," ताई म्हणाल्या. "हे लटकवून."

झुंबर बाकावर बसले. एरवी चालताना वाजणारा जुडगा ते बसलेले असतानाही वाजत होता. दातवाल्या गृहस्थांनी त्यांना पाणी आणून दिले. स्वतःला पिता येत नव्हते, तरी.

अठ्ठावीस तारखेला ताईंना कंपनीच्या साहेबांनी बोलावले. टेबलावर दोन कागद होते. एक इमारतीचा अहवाल, शिक्क्यासकट. 'सदर कुलूप जीर्ण झाल्याने आपोआप गळून पडले. कोणासही इजा नाही. यंत्रणा उत्तम स्थितीत आहे.' दुसरा, ताईंचा अनुभवाचा दाखला. तोही टाइप करून तयार. फक्त सही आणि शिक्का बाकी.

"हे बघा," साहेब म्हणाले, "त्या मालकांच्या नऊ इमारती आपल्याकडे आहेत. तुम्ही तिकडे सही करा, मी इकडे करतो. तुम्ही जाणारच आहात, कशाला वाकडं घ्यायचं?"

"यंत्रणा उत्तम, म्हणजे ते खड्ड्यातलं बटण बदलायचं नाही?"

"उत्तम गोष्ट कशी बदलणार?"

"आणि पुढच्या वेळी तिथे कोण उतरणार?"

साहेबांनी वेळापत्रक पाहिले. "मास्तर."

मी ताईंच्या खिशात होते. मला त्यांच्या छातीचे ठोके ऐकू येत होते, ड्रिलपेक्षा मोठे. समोर एक सही. सहीच्या पलीकडे ते शहर, जिथे पियानो अडकून राहतो पण कुलूप कापले जात नाही. फक्त तिथे जायचे तर मला आपोआप गळून पडावे लागणार होते.

ताईंनी पेन उचलले. टोपण लावले. परत ठेवले.

बाहेर मास्तर भडकले. "सही करायची होतीस! माझ्यासाठी अडून बसलीस होय? एकतीस वर्षं उतरतोय मी."

"म्हणूनच," ताई म्हणाल्या.

त्या दिवशी दुपारीच त्यांनी घरी आईसमोर टेबलावर मला ठेवले आणि सगळे सांगितले. खड्डा, दांडा, कात्री, तेल. आईने मला हातात घेतले. कापलेल्या कडीच्या धारेवरून अंगठा फिरवला.

"तू कागदाचं बघतेस ना?"

"नाही, आई."

आईने माझे दोन्ही तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले. मग आईने विचारले, "तिथे हे कापत नाहीत?"

"नाही."

"मग पगार कशाला सांगितलास मला?" आई उठली आणि कपाटातून जाड पुठ्ठ्याचे खोके घेऊन आली. "घाल यात."

ताईंनी अर्जाचा कोरा रकाना काढला. 'आमच्या शहरात काम का करायचे आहे?' त्यापुढे लिहिले: 'सोबतची वस्तू पाहावी.' आणि 'अनुभवाचा दाखला' यापुढे लिहिले: 'वरीलप्रमाणे.'

टपाल कचेरीतल्या बाईंनी खोके हलवून पाहिले. "आत काय आहे?"

"दाखला."

"वाजतोय."

"दोन भागांत आहे."

मी तीस तारखेला पोचले नाही. दोन तारखेला पोचले. एका लांब टेबलाभोवती निवड करणारी सात माणसे बसली होती. खोके उघडले गेले. माझे तुकडे एका हातातून दुसऱ्या हातात, सातही हातांतून फिरले. सगळ्यांनी फक्त कडीचे कापलेले टोक पाहिले, कारण जी वस्तू आपोआप गळते तिला दोन बाजूंनी दातांच्या खुणा नसतात, हे त्या टेबलावर प्रत्येकाला माहीत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला खाली ठेवताना आवाज होणार नाही अशी काळजी घेतली.

ताईंना दोन ओळींचे उत्तर गेले. 'दाखला मिळाला. कधी येता?'

आता मी त्या शहरात, शिकाऊ लोकांच्या वर्गात, भिंतीवर काचेमागे आहे. ताईंना नवे निळे कुलूप मिळाले आहे. चांगले आहे. मी त्याच्याविषयी जास्त बोलणार नाही. दिवे खरेच चारला लागतात. ताई दुपारी खिडकीशी बसून एकट्या डबा खातात, आणि त्यांना ताई म्हणणारे इथे कोणी नाही, म्हणून लंबू आठवड्यातून एकदा मुद्दाम येऊन म्हणून जातो. पण खड्ड्यातून त्यांची बेसूर शिट्टी येते, मोठ्याने.

दर रविवारी त्या मास्तरांना फोन करतात. जाताना त्यांनी मास्तरांना एक कुलूप दिले होते, दुसरी किल्ली स्वतः ठेचून.

"कुलूप लावता ना?"

"लावतो, लावतो," मास्तर म्हणतात. भूक नसताना माणूस 'जेवलो, जेवलो' म्हणतो, त्या आवाजात. फोन ठेवल्यावर ताई बराच वेळ माझ्या काचेसमोर उभ्या राहतात. बटण अजून तेच आहे. कात्रीही.

मित्रांनो, कुठे स्विचवर लाल कुलूप लटकलेले दिसले तर त्याच्यामागे काय आहे असे विचारू नका. कोण आहे असे विचारा. उत्तर आले नाही तर थांबा. मालकांना जिन्यातच बसू द्या. आणि ज्यांना हे सांगून उपयोग नाही, त्यांच्यासाठी मी रीतसर लिहिले आहे, ते असे:

प्रति, मा. व्यवस्थापक.
विषय: कुलूप कापण्याच्या प्रचलित पद्धतीत किरकोळ दुरुस्ती करणेबाबत.

महोदय, विनंती अर्ज करण्यात येतो की, यापुढे ज्या कोणास कुलूप कापावयाचे असेल, त्याने प्रथम स्वतः खड्ड्यात उतरावे, दार आतून ओढून घ्यावे, व तेथूनच कुलूप कापण्याचा आदेश स्पष्ट आवाजात द्यावा. कात्री वर उभ्या असलेल्या कोणत्याही इसमाच्या हाती असली तरी चालेल. आदेश देण्यास विलंब लागल्यास त्याची कारणे विचारण्यात येऊ नयेत. मास्तर येत्या गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता सदर खड्ड्यात उतरणार असल्याने, हा अर्ज बुधवारी कामकाज संपण्यापूर्वी मंजूर करण्यात यावा, ही विनंती.